दिवा आणि खडा : घरातील ध्वनियंत्राच्या इतिहासाचे एक प्रकरण



राज्ये, लढाया आणि ग्रंथ यांचा इतिहास सांगणारे विद्वान पुण्यात पुष्कळ आहेत, आणि तो मन लावून ऐकणारे श्रोते त्यांहून पुष्कळ. आम्ही विद्वान नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या दाराशी, सार्वजनिक वाचनालयात व रविवारच्या जुन्या बाजारात झाले. तेव्हा आज आम्ही इतिहास सांगणार आहोत तो तुमच्याआमच्या घरातील एका पेटीचा. तिला आमचे आजोबा रेडिओ म्हणत, वडील ट्रान्झिस्टर म्हणत आणि मुले म्युझिक सिस्टिम म्हणतात. तीतून गाणे येते. पण तारेतून किंवा हवेतून येणारी विजेची लहर इतकी दुबळी असते की तिने माशीचा पंखही हलू नये. तिला बळ देऊन कर्ण्याचा कागद हलवायला लावणे हे या पेटीचे खरे काम. ते काम करणारे गडी दोन. एक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. ती दिव्यासारखी पेटते. दुसरा ट्रान्झिस्टर, म्हणजे जर्मेनियम किंवा सिलिकॉन यांचा इवलासा खडा. तो पेटत नाही, तापला तर उलट बिघडतो.

सर्वसाधारण समज असा आहे की आधी दिवा आला, मग खडा आला, आणि खड्याने दिवा विझवला. हा समज अर्धवट आहे. घरातील ध्वनियंत्राचा इतिहास पाहिला तर या दोघांनी एकाच पेटीत, एकाच तारेवर संसार केल्याचे दिसते, आणि तो संसार अद्याप मोडलेला नाही. हे केवळ हौशी लोकांनी जाणावे असे नाही. ज्याला कोणीतरी एके दिवशी "तू आता जुना झालास" असे सांगणार आहे, त्या प्रत्येक कामगाराने ते जाणले पाहिजे.

पहिली गोष्ट ही की खडा दिव्यामागून आलेला नाही. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा उपयोग विद्युत्-लहरी ओळखण्यासाठी केला. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांनी १९०१ साली मागितले व ते १९०४ साली मिळाले. त्याच १९०४ साली इंग्लंडात जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी आपल्या दोन पट्ट्यांच्या नळीच्या पेटंटासाठी अर्ज केला. पाण्याच्या पंपातील झडप जशी पाणी एकाच दिशेने जाऊ देते तशी ही नळी वीज एकाच दिशेने जाऊ देई, म्हणून तिचे नाव व्हॉल्व्ह पडले. येणेप्रमाणे दोघे भाऊ जवळजवळ एका वयाचे. किंबहुना खडा थोडा वडीलच. पुढे १९०६ च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी नळीत तिसरी जाळी घातली. त्या जाळीवर लहानसा दाब कमीजास्त केला की नळीतून वाहणारा मोठा प्रवाह त्याप्रमाणे कमीजास्त होऊ लागला. दुबळ्या लहरीला बळ देण्याची युक्ती ती हीच. खड्याला ही युक्ती साधायला आणखी चाळीस वर्षे लागली, म्हणून तेवढा काळ दिव्याचे राज्य झाले.

ते राज्य आपल्याकडे कसे आले ते थोडक्यात सांगतो. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खाजगी कंपनीने सुरू केले. ती कंपनी १९३० साली बुडाली आणि काम सरकारकडे आले. पुण्याला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी. पुढे दीडच वर्षात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून, या केंद्राने ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' प्रक्षेपित केले. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. ज्यांनी ती त्या वेळी घरी ऐकली त्यांनी ती व्हॉल्व्हच्या रेडिओवर ऐकली, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबावे लागे. आत तारा लाल होत, मग हळूहळू आवाज वर येई. वाड्यात ज्याच्याकडे रेडिओ असे त्याच्या ओसरीवर शेजारी आधीच येऊन बसत, कारण यंत्र तापायलाही वेळ हवा हे सर्वांना ठाऊक होते.

त्या पेटीच्या पोटात काय असे? एक नेहमीचा चार व्हॉल्व्हचा संच घेऊ. त्यातील प्रत्येक व्हॉल्व्हला पेटण्यासाठी बारीक तार असते. या चार तारा एकामागून एक, एकाच साखळीत जोडलेल्या असत आणि सर्वांतून सारखाच, अँपिअरच्या एक-दशांश इतका प्रवाह जाई. यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ ला १९, यूसीएल ८२ ला ५० आणि वीज एकदिश करणाऱ्या यूवाय ८५ ला ३८. मिळून १२६ व्होल्ट. घरच्या २३० व्होल्टांतील उरलेले १०४ एका रोधकात उष्णता होऊन जात. या साखळीतील एकाची तार तुटली की चौघेही विझत. आमच्यासारख्याला संघटनेचा अर्थ सभेत समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळाले नाही.

खड्याने पुनरागमन केले ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, १९४७ च्या डिसेंबरात. बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली यांना त्याबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टरला तापवण्याची तार नको, अडीचशे-तीनशे व्होल्टांचा दाब नको, काच नको. खिशातल्या बॅटरीवर त्याचे भागते. अमेरिकेत १९५४ सालीच चार ट्रान्झिस्टरांचा हातात मावणारा रेडिओ विक्रीला आला. मग दिवा त्याच वर्षी का विझला नाही? कारण नव्या गड्याचेही काही दोष होते. पहिले ट्रान्झिस्टर बहुधा जर्मेनियमचे होते आणि जर्मेनियम उष्णतेला भितो. जसजसा तो तापतो तसतसा त्यातून प्रवाह गळू लागतो. गळलेल्या प्रवाहाने तो आणखी तापतो, आणि ही फेरी वेळीच थांबवली नाही तर जळून जातो. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत हा गुण काय कामाचा ते सांगायला नको. सिलिकॉनने हा दोष पुष्कळसा काढला, पण सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर स्वस्त होईपर्यंत बरीच वर्षे गेली.

आता आपल्या देशाची गोष्ट पहा; ती पाश्चात्य देशांहून निराळी आहे. तेथे व्हॉल्व्हचे कारखाने चाळीस वर्षे चालून जुने झाले, आणि मग ट्रान्झिस्टरचे आले. येथे सरकारी मालकीची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी बंगळूरला १९५४ साली स्थापन झाली. तिने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली १९६१ मध्ये, आणि जर्मेनियमच्या अर्धसंवाहक वस्तू बनवायला १९६२ मध्ये. दोहोंत अंतर एका वर्षाचे! आमच्या कामगाराने दिवा आणि खडा जवळपास एकाच हाताने, एकाच वेळी करायला घेतला. पुण्याच्या आसपासही तेच. फिलिप्स कंपनीने १९४८ पासून कलकत्त्यास रेडिओ केले आणि १९५९ मध्ये दुसरा रेडिओ कारखाना पुण्याजवळ काढला. त्या कंपनीचा भारतात बनलेला दहा लाखावा रेडिओ ३ एप्रिल १९६५ रोजी बाहेर पडला. ही सारी वर्षे व्हॉल्व्हकडून ट्रान्झिस्टरकडे जाण्याची होती. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, नागपूर व पुणे येथे. त्या जाहिराती एका घरी फळीवरच्या लाकडी पेटीतून ऐकू येत, तर शेजारच्या घरी खुंटीला टांगलेल्या ट्रान्झिस्टरमधून.

एकाच पेटीत दोघे आले ते तीन वाटांनी. पहिली वाट दुरुस्तीची. वीज एकदिश करणारा व्हॉल्व्ह सर्वांत आधी दमतो, कारण सर्व ओझे त्याच्यातून जाते. तो मिळेनासा झाला किंवा महाग झाला की कारागीर त्याच्या जागी बीवाय १२७ सारखा सिलिकॉनचा डायोड घालू लागले. किंमत किरकोळ, आकार चिंचोक्याएवढा. पण वर सांगितलेली साखळी आठवा. यूवाय ८५ काढला की साखळीच तुटते. म्हणून त्याच्या ३८ व्होल्टांचे ओझे उचलायला ३८० ओहमचा, निदान पाच-सात वॅटचा रोधक तेथे घालावा लागे. शिवाय डायोडला तापावे लागत नाही. इतर व्हॉल्व्ह थंड असतानाच तो पुरा दाब, आणि तोही पूर्वीपेक्षा थोडा जास्त, लावून मोकळा होतो. तो दाब उतरवायला आणखी एक रोधक हवा. जुन्या माणसाला काढले म्हणजे त्याचे काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणालातरी उचलावे लागते. हे त्या कारागिराला कळत होते. पुष्कळ व्यवस्थापकांना ते अजून कळलेले नाही.

दुसरी वाट तबकडीची. फोनोग्राफच्या सुईची हालचाल विजेत रूपांतरित करणारा स्वस्त पिक-अप रॉशेल नावाच्या क्षाराच्या स्फटिकाचा असे. तोही खडाच. पावसाळ्यात तो ओल धरी आणि आवाज बसे, म्हणून पुढे चिनीमातीच्या जातीचे पिक-अप आले. या पिक-अपची लहर दाबाने बरी पण प्रवाहाने अगदी कंगाल असते. व्हॉल्व्हची जाळी प्रवाह जवळजवळ घेतच नाही, म्हणून या दोघांचे सहज जमे. पहिल्या ट्रान्झिस्टरांना मात्र प्रवाह लागे. पिक-अप थेट त्यांना जोडला की तबल्यातील बाया नाहीसा होई आणि नुसती चाट उरे. तेव्हा पहिल्या पायरीला व्हॉल्व्ह ठेवून पुढच्या पायऱ्यांना ट्रान्झिस्टर घालणे ही लहर नव्हती, ती गरज होती.

तिसरी वाट दूरचित्रवाणीची. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. त्या काळातील पुष्कळ संचांत थोडे व्हॉल्व्ह व थोडे ट्रान्झिस्टर असत. आतले सगळे व्हॉल्व्ह गेल्यानंतरही समोरची चित्रनळी राहिलीच, आणि ती म्हणजे एक मोठा व्हॉल्व्हच होय. चपटे पडदे येईपर्यंत, म्हणजे या शतकाची पहिली काही वर्षे उलटेपर्यंत, तिला पर्याय नव्हता. आजही ज्यांच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हची भट्टी आहे त्यांच्या घरी मॅग्नेट्रॉन नावाची निर्वात नळी रोज कामावर येते. ज्याला आपण कधीच निवृत्त झाला म्हणतो तो आपलेच दूध तापवीत असतो.

आता घरातील संगीताच्या यंत्राकडे येऊ, कारण या दोघांची कामाची वाटणी तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. व्हॉल्व्हचा स्वभाव असा की दाब पुष्कळ, प्रवाह थोडा. ट्रान्झिस्टरचा स्वभाव उलट. कर्ण्याला मात्र दाब थोडा आणि प्रवाह पुष्कळ लागतो. ईएल ८४ सारख्या व्हॉल्व्हला सुमारे पाच हजार ओहमचे ओझे मानवते, आणि कर्णा असतो आठ ओहमचा. या दोघांची गाठ घालायला मध्ये लोखंड व तांबे यांचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यात एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या पंचवीसपट वेढे असतात. तो चांगला असेल तर महाग असतो, आणि स्वस्त असेल तर खर्ज व तारसप्तक दोन्ही खातो. ट्रान्झिस्टरने या ट्रान्सफॉर्मरची गरजच संपवली. ती युक्ती अमेरिकेत एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये मांडली. म्हणून आज जे हौशी लोक मिश्र यंत्र बांधतात ते बहुधा पुढच्या, नाजूक कामाला ईसीसी ८३ सारखा व्हॉल्व्ह ठेवतात व मागच्या, ओझ्याच्या कामाला ट्रान्झिस्टर लावतात. कोणी दोन्ही एकाच पेटीत बसवतात, कोणी दोन पेट्या तारेने जोडतात. व्हॉल्व्हचा आवाज गोड की ट्रान्झिस्टरचा स्वच्छ, या वादात आम्ही पडत नाही. पुण्यात वाद घालायला इतर विषय आहेत. एवढे मात्र खरे की शक्तीची मर्यादा ओलांडताना व्हॉल्व्ह हळूहळू वाकतो आणि ट्रान्झिस्टर लहरीचा माथा एकदम कापतो. कानाला हा फरक कळतो.

जोडणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. एक, देणाऱ्याच्या रोधापेक्षा घेणाऱ्याचा रोध निदान दहापट असावा. ईसीसी ८३ च्या साध्या पायरीचा रोध पन्नास हजार ओहमच्या घरात जातो. पुढच्या ट्रान्झिस्टर यंत्राचा दहा हजार असेल, तर सहा हिश्शांतील पाच हिस्से आवाज जोडावरच मरतो. अशा वेळी मध्ये कॅथोड फॉलोअर नावाची आणखी एक पायरी घालतात. दोन, आधी व्हॉल्व्हचे यंत्र लावावे, ते तापून स्थिरावले की मग ट्रान्झिस्टरचे. बंद करताना उलट. नाहीतर व्हॉल्व्ह जागा होताना दिलेला धक्का कर्ण्याला बसतो. तीन, व्हॉल्व्हचे यंत्र कर्णा जोडल्यावाचून कधी चालवू नये, आणि ट्रान्झिस्टर यंत्राच्या कर्ण्याच्या तारा एकमेकींना कधी टेकू देऊ नयेत. पहिला ओझे नसल्याने मरतो, दुसरा ओझे फार झाल्याने. बेकारी आणि जादा काम, ही दोन्ही मरणे आम्ही माणसांतही पाहिली आहेत. आणखी एक इशारा : व्हॉल्व्हचे यंत्र बंद केल्यावरही त्याच्या संधारकांत तीनशे व्होल्ट काही काळ दबा धरून असतात. अननुभवी हाताने झाकण उघडू नये.

हा सगळा जोड कोणी बसवला? बोस, फ्लेमिंग, शॉक्ली यांची नावे ग्रंथांत आहेत आणि ती असावीतच. पण ३८० ओहमचा रोधक कोठे घालावा हे ज्याने शोधले, त्याचे नाव कोठे नाही. तो बुधवारातल्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन पेठेतल्या आपल्या खोलीवजा दुकानात बसे. त्याच्यापाशी पदवी नसे. एक मीटर, एक तापलेली इस्त्री, कथलाची तार आणि कान एवढीच साधने. आणि कारखान्यातील जुळवणीच्या पट्ट्यावर बसून बारीक तारा डाग देऊन जोडणाऱ्या त्या असंख्य बायका! त्यांची नावे हजेरीपटावर होती आणि हजेरीपट रद्दीत गेले. घरातील आवाजाचा इतिहास लिहिताना त्यांना वगळले तर तो मालकांच्या जाहिरातीचा इतिहास होतो.

आमच्या कामाच्या आयुष्यात एक प्रसंग असा आला. कारखान्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. हाताने सुटे भाग बसवणाऱ्या बायकांच्या जागी ते काम करणारे यंत्र आले, आणि व्यवस्थापनाने स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढे केले. आम्ही यंत्राला विरोध केला नाही. आम्ही एवढेच विचारले की यंत्राने बसवलेल्या पट्ट्यांतील चुकीचा डाग कोण शोधणार? जिने वीस वर्षे डाग दिले तिला तो डोळ्यांनी दिसतो. नव्याला मीटर लावूनही उमगत नाही. बोलणी लांबली. अखेर काही जणींना तपासणीच्या कामावर शिकवून घेण्यात आले. बाकीच्या पैसे घेऊन गेल्या. त्यांतल्या कित्येकींनी पुढे पोळीभाजी केंद्रे चालवली. त्यांचे चालले नाही असे नव्हे; पण त्यांच्या बोटांतील विद्या तेथेच संपली.

अशी विद्या एकदा विखुरली की हुकूम देऊन परत गोळा होत नाही. जगातील व्हॉल्व्हचे बहुतेक कारखाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडले. पुढे संगीतवाल्यांची मागणी पुन्हा वाढली, तेव्हा तो माल मोठ्या प्रमाणावर करू शकणारे उरले मुख्यतः रशियात, स्लोव्हाकियात व चीनमध्ये. २०२२ साली युद्धामुळे रशियातून होणारी निर्यात अडली, आणि जगभर गिटार वाजवणाऱ्यांपासून घरगुती हौशी लोकांपर्यंत सर्वांची धावाधाव झाली. नळीची काच, निकेल आणि टंगस्टन कोठेही मिळतात. न मिळणारी वस्तू होती ती सरावलेला हात. आपल्याकडेही पिंपरीला फिलिप्सचा घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कारखाना १९७० मध्ये सुरू झाला आणि २००६ मध्ये बंद पडला. छत्तीस वर्षांत तेथे साठलेल्या कौशल्याची नोंद कोणत्या दफ्तरात आहे?

तात्पर्य, यंत्रे बांधणाऱ्याने जुन्याला नव्यासाठी एकदम घराबाहेर काढले नाही. त्याने दोघांचे स्वभाव ओळखले, ज्याला जे साधते ते काम दिले आणि दोघांच्या मध्ये योग्य असा जोड बसवला. काचेच्या नळीच्या बाबतीत जो विचार झाला तो माणसाच्या बाबतीत क्वचितच होतो, ही आमची तक्रार आहे आणि ती आम्ही या इतिहासाच्या आधारे करीत आहोत. नव्या यंत्राचे स्वागत अवश्य करावे. पण पुढच्या वेळी एखाद्या कचेरीत, कारखान्यात किंवा छापखान्यात कोणी "हा आता कालबाह्य झाला" असे म्हणेल, तेव्हा त्याला दोन प्रश्न विचारावेत : त्याच्या वाट्याचे अडतीस व्होल्ट आता कोण उचलणार? आणि जोड कोण बसवणार? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याला साखळीतील एकही दिवा काढण्याचा अधिकार नाही.